काहिलींच्या आरमाराची वडणगे स्वारी

श्री अंबाबाई समर्थ. शके अठराशे शहात्तर, जयनाम संवत्सरी, भाद्रपदमासी करवीर मुक्कामी जे थोर वर्तमान घडले, ते पुढील पिढ्यांनी विसरू नये आणि घाटावर बसून कोणी भलतेच सांगू नये, म्हणोन यथास्थित लिहिले असे.

राजश्री बाळासो, गुऱ्हाळाधिपती, वस्ती पंचगंगेकाठी शुक्रवार पेठ, यांच्या कुटुंब सौभाग्यवती तानाबाईसाहेब नागपंचमीस पैलतीरी वडणग्यास माहेरी गेल्या आणि परत येईनात. प्रथम न्यावयास गडी धाडला, तो जेवून परत आला, मग थोरल्या वहिनींस रवाना केले, त्याही पाहुणचार घेऊन पिशवीभर दोडक्यांसह परतल्या, आणि दोघांनी जबाब एकच आणला की, "ज्येचं माणूस त्येनं न्यायला यावं की!" बाळासो गरजले, "मी जाऊ? आमची काय इभ्रत हाय का न्हाय?" इभ्रत होतीच. परंतु गौरी तोंडावर आल्या, गौर उंबऱ्याशी येऊन तिष्ठणार आणि ओवाळावयास घरधनीण नाही, या चिंतेने स्वारीस घास उतरेना. आणि खरे पुसाल तर गौर हे निमित्त, चुलीपुढची रिकामी जागा पाहून त्यांस घरात जाववत नव्हते. हे ते कोणापाशी बोलले नाहीत.

ऐशा समयी पेठेतील तात्या, ज्यांच्या सलूनात अखबार येई, यांनी दाढी करता करता मसलत दिली. बडी बडी राष्ट्रे ज्यास वचकात ठेवू इच्छितात त्याच्या बंदरी लढाऊ जहाजे वाजतगाजत धाडतात, तोफांची सलामी देतात, त्यास 'सदिच्छा भेट' म्हणतात, आणि मग निघताना हळूच आपले एक ठाणे तेथे ठेवून येतात, तेणेकरून यजमान जन्मभर अदबीने वागतो. बाळासो अर्ध्या दाढीनिशी उठले. इभ्रतही राहते आणि बायकोही येते! आरमार सिद्ध करावे, ऐसा हुकूम सादर जाहला.

आता पूल होता, ही गोष्ट लपवून चालणार नाही. भक्कम दगडी पूल होता, आणि भाजीवाल्या, दूधवाले, किंबहुना पेठेतील कुत्रीही त्यावरून निर्धास्त जात येत. परंतु पुलावरून गेलियाने जरब बसत नाही, ऐसे तात्यांचे मत पडले.

मग ज्यात उसाचा रस कढवून गूळ करितात त्या दोन लोखंडी काहिली गुऱ्हाळातून घाटावर आणविल्या. एकीत बाळासो, कोशा फेटा, लग्नातला कोट, सलामीचे बार उडवावयास उखळी दारूची पिशवी, कमरेवर हात; दुसरीत हलगी, घुमके आणि कैताळ वाजविणारे वाजंत्री. नदी भरून वाहत होती, परंतु पात्रातच होती. तात्या काठावर राहिले, कारण मसलत देणाराने पाण्यात उतरू नये ऐसा दरबारी रिवाज आहे. आणि अंबाबाईचा गजर होऊन आरमार कूच जाहले.

काहील ही गोल वस्तू. तिला तोंड नाही आणि पाठ नाही. प्रवाहात शिरताच ती जात्यासारखी फिरू लागली, आणि वडणगेकरांवर रोखून धरावयाची ती करडी नजर निम्मा वेळ कोल्हापूरवरच पडू लागली. मग फेटा गेला. मग दारू भिजली. मग वाजंत्र्यांची काहील धारेस लागली आणि हलगी कडाडत कडाडत खालच्या अंगास दिसेनाशी जाहली. ते लोक पुढच्या गावी सुखरूप लागले आणि तेथे आग्रहाने जेवले, ऐसे मागाहून कळले.

बाळासोंची काहील सासऱ्यांच्या मळ्याखाली चिखलात रुतली. स्वारी गुडघ्यांवर रांगत किनाऱ्यास उतरली आणि पोटातील सर्व ऐवज तेथेच टाकती जाहली. सासूबाई चिमणाबाई म्हशींना वैरण घालीत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बया! जावयबापू, पूल पडला काय?"

तानाबाईसाहेब धावत आल्या. पाहतात तो फेटा नाही, गडी नाही, वहिनी नाहीत.

"कोण कोण आलंय?"

"मी येकलाच."

"सोताच आलासा? पवायला येत न्हाय आन् नदीत उतरलासा? काय झालं असतं म्हंजे!" ऐसे म्हणून त्यांनी पदराने धन्याचे डोके खसाखसा पुसले, आणि पुसता पुसता रडू लागल्या.

तेव्हा बाळासोंच्या मुखातून, जो मजकूर तात्यांच्या मसलतीत नव्हता, तो निघाला. "चल घरला. तुझ्याबिगर घर खायला उठतंय."

तह तत्काळ जाहला. चहा आला, मग भाकरी आली, आणि दिवस कलता स्वारी परत निघाली. पुढे तानाबाईसाहेब, मागे बाळासो, डोकीवर बायकोचे बोचके, आणि पुलावरून. साऱ्या पेठेने पाहिले. गौर वेळेवर घरात आली आणि ओवाळली गेली.

आरमाराच्या धाकानेच पैलतीर नमला, ऐसे बाळासो आजही सांगतात, आणि तानाबाईसाहेब भाकरी थापता थापता "व्हय व्हय" म्हणतात. ती काहील मात्र सासऱ्यांच्या गोठ्यातच राहिली, तीत म्हशी पाणी पितात. हेच ते परमुलुखीचे ठाणे. दरसाल पंचमी सरली, की ठाण्याची पाहणी करणे जरूर, म्हणोन बाळासो जातीने, एकटे, पायी वडणग्यास जातात आणि येताना बोचके डोकीवर घेऊन येतात. येणेप्रमाणे फत्ते जाहली, सबब नमूद केली असे.