कॅप्टन उतेकरांच्या अटी

कॅप्टन उतेकर आमच्याकडे चहाला येतात तेव्हा चहाच्या आधी अटी येतात. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, पण पाय आत टाकायचा नाही. तिथूनच म्हणणार, "मास्तर, साखर अर्धा चमचा. सोबत खायला काही नको. आणि मी उठलो की 'बसा हो, घाई काय' म्हणायचं नाही. मान्य?" मी मान्य म्हणतो आणि मगच ते आत येतात. माझी बायको दरवेळी साखर चमचाभर घालते आणि बशीत दोन चकल्या ठेवते. ते दोन्ही मुकाट्याने संपवतात आणि निघताना मला सांगतात, "करारभंगाची नोंद घेतली आहे."

गृहस्थ आमच्याच वाडीचे, घरही आमच्या शेजारीच. पोलादपूरहून आंबेनळीकडे निघालं की पहिल्या चढावर आमची वाडी लागते. इथली पोरं पोटासाठी मुंबईला जातात, त्यात दत्ताराम उतेकर गेले ते थेट विमानात जाऊन बसले, आणि तेही पुढच्या खुर्चीत. जन्मभर प्रवासी विमानं चालवली. पण त्याबद्दल विचाराल तर दोन वाक्यांत आटपतात. त्यांचा खरा जीव वैमानिकांच्या संघटनेत. पगार, सुट्ट्या, विश्रांतीचे तास, या सगळ्याचे करार कंपनीशी बसून ठरवायचे, आणि त्या बैठकीत संघटनेच्या बाजूने पहिली खुर्ची कॅप्टनची. "विमान चालवणं सोपं असतं मास्तर," ते म्हणतात, "विमान तुमचं ऐकतं. व्यवस्थापन ऐकत नाही."

वहिनी गेल्या आणि हे निवृत्त होऊन गावी आले. येताना वाटाघाटी बरोबर घेऊन आले.

दासगावहून एक मासेवाली येते. सुक्या वाकटीच्या जुडीच्या दरावरून तिच्याशी बोलणी अडली की कॅप्टन म्हणतात, "बैठक पाच मिनिटं तहकूब." मग फणसाखाली जाऊन, हात मागे बांधून, एकटेच उभे राहतात आणि परत येऊन नवा प्रस्ताव मांडतात. पहिल्यांदा ती चक्रावली होती. "आवो, कुनाशी बोलून आलात? तिथं तर कोन नाय."

"माझ्या बाजूशी," कॅप्टन म्हणाले.

आता ती सरावली आहे. ते फणसाखाली गेले की तीही आमच्या पायरीवर बसून पान लावते. "जाऊ दे वो, त्यांची मिटींग चाललीय," म्हणते.

गावकरी आणि मुंबईकर मंडळींचं शिमग्याच्या पालखीवरून जुनं वाकडं आहे. पालखी आधी कुठल्या आळीत न्यायची, एवढाच वाद, पण त्यावरून डोकी फुटायची पाळी यायची. एका वर्षी कॅप्टनना मध्ये घातलं. त्यांनी दोन बाजूंना दोन सतरंज्या टाकल्या आणि जाहीर केलं, की आधी कशावर भांडायचं ते ठरवू, भांडण नंतर. ते ठरवण्यातच दिवस मावळला. एकमत झालं ते फक्त जेवणावर. निघताना सीताराम सकपाळ म्हणाला, "कॅप्टन, भांडण मिटला नाय. पन भांडायची ताकद पन ऱ्हायली नाय."

"तत्त्वतः मान्य," कॅप्टन खुशीत म्हणाले. हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग. त्याचा अर्थ आम्हाला कुणालाच नीट लागलेला नाही. बहुधा 'हो, पण नाही' असा असावा.

आता मृणालबद्दल सांगतो, म्हणजे या माणसाकडे हसून बघणं जरा अवघड होईल.

मृणाल त्यांची एकुलती एक मुलगी. कायदा शिकली आणि एका विमान कंपनीत मनुष्यबळ खात्यात लागली. म्हणजे व्यवस्थापनात. कॅप्टनना हे कसं पचलं, असं लोक विचारायचे. मी सांगतो, ते आतून फुगले होते. यंदा उन्हाळ्यात ती आली आणि म्हणाली, "बाबा, वैमानिकांच्या नव्या कराराच्या बोलणीला कंपनीने मला बसवलंय." संघटनेची मंडळी अजून कॅप्टनचा सल्ला घेतात, हे तिला ठाऊक होतं. उद्या कोणी म्हणायला नको, की दोन्ही बाजूंचं उतेकरांच्या स्वयंपाकघरात शिजतं. तेव्हा बाप-लेक समोरासमोर ओटीवर बसले आणि दोघांनी आपसात करार केला. मी साक्षीला होतो. वैमानिकांचा करार होईपर्यंत भेट नाही, फोन नाही, मेसेज नाही, नातेवाइकांकरवी निरोप नाही. कलमं तीच सांगत होती. हे फक्त मान हलवत होते.

शेवटी कॅप्टननी विचारलं, "आणि गणपती?"

"तोवर सह्या झाल्या तर येईनच."

"तत्त्वतः मान्य," ते म्हणाले. ती गेल्यावर मला म्हणाले, "बघितलंत? एक कलम ढिलं सोडलं नाही पोरीने." केवढा अभिमान होता त्या आवाजात.

तो अभिमान पंधरवडाभर पुरला. मग ते फोन खिशात घेऊन परसात जायला लागले. बातम्या लागल्या की विमान कंपन्यांच्या ओळीसाठी थांबायला लागले. बोलणी काही संपेनात. वहिनी गेल्यापासून रोज रात्री मृणालचा फोन यायचा, आणि त्या एका फोनवर या माणसाचा दुसरा दिवस उभा राहायचा. मला ते दिसत होतं. विचारायची सोय नव्हती. विचारलं की "तो मुद्दा आज चर्चेला नाही" म्हणायचे.

श्रावणात संघटनेचे दोन तरुण वैमानिक गाडी घेऊन सल्ल्याला आले. त्यातल्या एकाला आमच्या चढाची वळणं लागली. ढगांतून विमान नेणारा माणूस ओटीवर लिंबू चोखत बसला. कॅप्टननी मलाही बोलावून घेतलं.

कंपनीचा प्रस्ताव असा होता: पगारवाढ भरघोस, पण लागोपाठच्या रात्रपाळ्यांनंतरची विश्रांती कमी. बऱ्याच जणांना सही करावीशी वाटत होती. "सर, आत्ता हो म्हटलं तर गणपतीच्या आधी सगळं मिटतं," लिंबूवाला म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं. मी कॅप्टनकडे बघितलं. मागच्या खोलीत त्यांनी मखराच्या पट्ट्या पुसून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. म्हणा की राव, सही करा म्हणून. कोणाला कळणार आहे? माझ्या मनात हेच होतं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

"बैठक तहकूब," कॅप्टन म्हणाले आणि पावसात फणसाखाली गेले. पाच मिनिटांहून बराच जास्त वेळ उभे होते. आत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

"सही करू नका," ते म्हणाले. "पैसे घेऊन झोप विकायची नाही. पहाटे विमान उतरवताना डोळा लागतो म्हणजे काय, ते मी बघितलंय. मागे दीडशे माणसं गाढ झोपलेली असतात, तुमच्या भरवशावर. दिवाळीपर्यंत ताणा. दिवाळीच्या गर्दीत कंपनीला तुमची गरज लागेल. तेव्हा विश्रांती मिळेल."

"आणि मृणाल मॅडम कुठपर्यंत ताणतील? तुम्हाला तर अंदाज असेल."

"ते विचारायचं असेल तर गाडी वळवून घ्या," कॅप्टन शांतपणे म्हणाले. पोरं ओशाळली. कॅप्टननी त्यांना जेवायला वाढलं, स्वतः पान घेतलं नाही. मग पोरं पाया पडून गेली.

दिवेलागणीला ते आमच्या दारात आले.

"मास्तर, तुम्ही माझे नातेवाईक आहात का?"

"नाही बुवा."

"लांबचे? आईच्या माहेरकडून वगैरे?"

"अहो नाही. काय झालं?"

"नक्की ना? मग मृणालला फोन लावा. करारात नातेवाईक आहेत, शेजारी नाहीत. एक कलम राहिलंय तिचं. मी बोलणार नाही, माझा निरोपही नाही. तुम्ही पावसाबद्दल बोला, भाताबद्दल बोला. आवाज मोठा ठेवा, एवढंच." एवढं सांगून ते आत आले. "गणपतीत येत नाही आता ती. मीच 'सही नको' म्हणून बसलो."

मी फोन लावला आणि मध्ये ठेवला. पहिली घंटा पुरती वाजलीही नाही.

"काका," मृणाल म्हणाली, "किती वाट बघायला लावलीत. शेजारी मी मुद्दाम सोडले होते."

कॅप्टननी पंचा तोंडाशी धरला. मी तिला भाताचं सांगितलं, खचलेल्या बांधाचं सांगितलं. ती हं, हं करत होती. ऐकत मात्र दुसरंच काहीतरी होती. मग हळूच म्हणाली, "काका, तुमच्याकडे जेवणं झाली?"

मी कॅप्टनकडे बघितलं. त्यांनी नकाराची मान हलवली.

"नाही अजून," मी म्हणालो.

"सकाळपासून?"

कॅप्टन पंच्याची घडी घालायला लागले.

"जेवून घ्या, काका," ती म्हणाली. "उपाशी झोपू नका. मी थांबते फोनवर, तुम्ही पानं घ्या."

बायकोने न विचारता तिसरं पान मांडलं. पिठलं-भात होता. मधे फोन उघडाच होता आणि बोलत कोणीच नव्हतं. कॅप्टननी दोनदा वाढून घेतलं.