यकृत पुन्हा वाढते

अवयवदान हे श्रेष्ठ दान आहे, याबद्दल जगात दुमत नाही. मतभेद असतो तो फक्त कोणाच्या अवयवाचे, एवढ्याच किरकोळ मुद्द्यावर.

मी सर्जन आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग आणि अवयवरोपण हे माझ्या संशोधनाचे दोन विषय. म्हणजे एका टेबलावर मी पोटातून काढतो आणि दुसऱ्या टेबलावर पोटात घालतो. (दोन्हींची बेरीज शून्य येते, असे बायको म्हणते. ती गणित शिकवते.) कर्करोगावरच्या माझ्या प्रदीर्घ संशोधनाचा निष्कर्ष असा, की हा रोग लवकर कळला तर बरा होऊ शकतो, आणि तो लवकर कळत नाही. या निष्कर्षाला परिषदांमध्ये लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आहेत.

रोपणात माझी ख्याती वेगळीच. रुग्णाच्या नातेवाइकाला यकृताचा तुकडा द्यायला तयार करावे तर मीच. खुर्ची जवळ ओढायची, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचे, "घाबरताय कशाला? यकृत हा मोठ्या मनाचा अवयव आहे. निम्म्याहून जास्त दिलं तरी पुन्हा वाढतं." शंभरातले नव्वद इथेच रडतात आणि तयार होतात. (उरलेले दहा 'घरी विचारून सांगतो' म्हणतात. त्यांना आम्ही आपसात 'पळपुटे' म्हणतो.)

अशात माझ्या थोरल्या भावाचे यकृत निकामी झाले. दादा जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नाही; जुन्या काविळीने आतून पोखरले होते. वहिनींचा रक्तगट जुळेना. मूलबाळ नाही. माझा जुळला. इतका चोख जुळला, की तपासणाऱ्या बाईंनी माझे अभिनंदन केले.

वहिनी फक्त म्हणाल्या, "भावजी, आता आलाच आहात तर जेवून जा."

शास्त्रज्ञाने घाई करू नये, म्हणून मी प्रश्नाचा सांगोपांग अभ्यास केला. त्यात बऱ्याच अडचणी निघाल्या. माझे वय (एकोणपन्नास, म्हणजे संशोधनाचे ऐन दिवस). माझी पाठ. आणि सर्वांत गंभीर बाब, मला काही झाले तर स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे काय होणार?

"त्याचं काही बिघडत नाही," बायको म्हणाली. "इतकी वर्षं तू असताना तरी कुठे बिघडलंय?"

दात्याच्या जिवाला धोका हजारात दोन-चार, हा आकडा मी वर्षानुवर्षे हसत सांगत आलो होतो. आता त्या दोन-चारांना चेहरा फुटला, आणि तो हुबेहूब माझा होता.

दादाला भेटायला गेलो. पोट फुगलेले, डोळे पिवळेधमक.

"तू नको देऊस," तो म्हणाला. "लहानपणी इंजेक्शन म्हटलं की पलंगाखाली शिरायचास. मीच पाय धरून ओढायचो."

"दादा, आता मी सर्जन आहे."

"म्हणून तर म्हणतो. तुला सगळं माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी मी दात्यांच्या रांगेत बसलो. दात्याशी त्रयस्थ डॉक्टरनेच बोलायचे, असा नियम आहे. आमच्याकडे त्रयस्थ म्हणून माझीच विद्यार्थिनी होती. तिने खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला.

"घाबरताय कशाला, सर? यकृत हा मोठ्या मनाचा..."

"पाठ आहे मला ते."

"मग रडा की," ती म्हणाली. "नाहीतर घरी विचारून सांगा."

मी रडलो. (नव्वदांत गणना झाली.)

शस्त्रक्रिया पार पडली. 'थोडं ओढल्यासारखं वाटेल' असे मी आजवर दात्यांना सांगत असे. ते विधान मी मागे घेत आहे. दादाचा पिवळेपणा उतरला आणि लवकरच तो वहिनींच्या चहाला नावे ठेवू लागला. आमच्या शास्त्रात हे उत्तम लक्षण मानतात. माझे यकृतही पुन्हा वाढले. मन वाढले की नाही, ते स्कॅनमध्ये दिसत नाही.

वाचता वाचता तुम्ही मला भित्रा ठरवून मोकळे झाला असाल. रास्तच आहे. आता एवढेच करा: उजव्या बरगडीखाली हात ठेवा, आणि आपल्या भावंडांपैकी जे जरा कमी आवडते, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा.

हात का काढलात? अजून कोणी काही मागितलेले नाही.