डब्यातला आरसा

तिचं कुणी खरं मानलं नाही. मानणार तरी कोण? हिचं शिक्षण चौथीपर्यंत आणि नवरा ऑफिसात कॉम्प्युटरवाला! (त्याचं काम म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं, पण ते असो.)

घरातले फोटो-व्हिडिओ ठेवायला नवऱ्यानं एका जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला आणि चपलांच्या कपाटावर बसवला. तिघांचे फोन त्याला जोडले, ज्याच्या-त्याच्या लाडक्या नावानं. वर्षभरात डिस्क भरली. मग दोन नव्या, मोठ्या डिस्क आल्या.

"आता काळजी मिटली," नवरा म्हणाला. "एकीत जे, तेच दुसरीत. एक बिघडली तरी दुसरी आहेच. आरसाच म्हण ना!"

"अहो, पण आरशासमोरून मी उठले की आरशातलीही उठते. मागे उरतं काय?"

"आई, तू पण ना!" लेक खिदळली. नवरा तर इतका हसला, की हातातला स्क्रू कपाटाखाली गेला. वर म्हणतो, "जुनी डिस्क भंगारात टाक."

टाकतेय कशाला! तिनं ती फडक्यात गुंडाळून शिवणाच्या डब्यात बटणांखाली दडवली.

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी ती वडिलांचा व्हिडिओ बघायला बसली. वडील जाऊन दीड वर्ष झालेलं. त्यांचा आवाज उरला होता तो एवढ्या एकाच व्हिडिओत. आणि व्हिडिओ जागेवर नाही!

नवऱ्यानं पहिली डिस्क धुंडाळली, मग दुसरी. त्याचा चेहरा पडला.

"दोन्हीकडून गेला गं."

"आरसा!" ती कडाडली. "घसा फोडून सांगत होते ना? कुणी पुसला? नाव सांगा! आज त्याची धडगत नाही."

"मी हातसुद्धा लावला नाही."

"आई, तुझी शप्पथ, मी नाही!" (आईची शपथ लेकीनं याआधी परीक्षेच्या मार्कांसाठीही घेतली होती.)

तिनं शिवणाचा डबा जमिनीवर पालथा केला. बटणं घरभर. लेकीनं जुनी डिस्क जोडली. ती कुरकुरली, घरघरली, गप्प बसली. तिघांनी श्वास रोखले. आणि पडद्यावर खुर्ची विणता विणता वडील ओरडले, "अगं फौजदार, शूटिंग पुरे! इकडे ये, वेताचं टोक धर."

तिनं नाक ओढलं आणि बटणं वेचायला लागली.

"तुझंच खरं गं," नवरा खाली मान घालून म्हणाला. "हसलो ते चुकलं. यापुढे सगळ्याची एक प्रत तुझ्या डब्यात."

"ते ठेवूच. आधी पुसणाऱ्याचं नाव!"

कोण काय पुसतं ते सर्व्हर लिहून ठेवतो. लेकीनं नोंद उघडली. "मंगळवारी दुपारी. सत्तेचाळीस व्हिडिओ. कुणीतरी फोनवरून पुसले, म्हणून इथूनही गेले."

मंगळवारी? वेचलेली बटणं तिच्या मुठीतून घरंगळली. मंगळवारी हिचा फोन 'जागा नाही, जागा नाही' म्हणून किरकिरत होता. आणि सर्व्हरमध्ये सगळं दोन-दोनदा आहे, या भरवशावर हिनं...

"कुणाचा फोन?" नवऱ्यानं विचारलं.

लेकीनं ओठ दाबून हसू आवरलं आणि वाचलं, "फौजदार."