मॅनेजरची भाजी

आमचे शेजारी नरसय्या अण्णा भाजीबाजारात उभ्या उभ्या चरतात. मला याहून सभ्य शब्द सुचत नाही. मेथीच्या जुडीतलं एक पान तोडतात, उन्हाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघतात, तोंडात टाकतात, डोळे मिटून चावतात आणि निकाल देतात. निकाल बहुतेक वेळा एकच. "सेकंड माल!"

अण्णांनी सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात चेकर म्हणून काढला. टॉवेल उजेडाकडे धरायचा, सुटलेला धागा शोधायचा, सापडला की 'सेकंड' म्हणून बाजूला फेकायचा. नोकरी संपली, पण हाताला ते कळलेलं नाही.

आता हा माल खाणार कोण, तर एक कासव. हैदराबादचा भाचा परदेशी जाताना सगळ्या कागदपत्रांसकट ते अण्णांकडे सोडून गेला. जेवणाच्या ताटाएवढं आहे आणि जात आफ्रिकेकडची, वाळवंटातली. त्यामुळे आमच्या भवानी पेठेत सोलापूरचा उन्हाळा मानवणारा तो एकटाच रहिवासी. अण्णांनी त्याचं नाव मॅनेजर ठेवलं. "आमचा मॅनेजर असाच की! मान भाईर काढून सगळीकडं बघायचा, काम निघालं की मान आत."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सुरुवातीला अण्णा एका लग्नासाठी होटगीला गेले आणि मॅनेजरला माझ्या भरवशावर ठेवून गेले. मी मायेपोटी त्याला ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून घातली. चांगली मऊ करून. पुढचे दोन दिवस त्या जिवाचे जे हाल झाले, ते लिहवत नाहीत. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "अहो, हे गवत खाणारं जनावर आहे, जावई नाही." अजूनही अंगणात मॅनेजर समोर आला की मी नजर चुकवतो.

त्यानंतर अण्णांनी सूत्रं हाती घेतली. मुख्य जेवण हरळीचं. जोडीला जास्वंदीची पानं, शेवग्याचा पाला, थोडी मेथी. निवडुंग काटे भाजून. पालक क्वचित, फळं बंद, धान्य तर नावालाही नाही. आणि प्रत्येक जिन्नस आधी अण्णांच्या तोंडातून पास झालेला. निवडुंगसुद्धा. "माल तपासल्याबिगर पुढं पाठवायचा न्हाय," असं म्हणत त्यांनी तो कसा गिळला, ते मी पाहिलं आहे.

बाजारात मात्र अडचण आली. पहिल्या भाजीवालीला अण्णांनी खरं काय ते सांगितलं. तिने लगेच पायाजवळचा सडका पाला गोळा करून पिशवीत कोंबला. "जनावरालाच न्हेता की, ह्येच घ्या." आमच्याकडे जनावराचा वाटा म्हणजे माणसाने टाकलेला. अण्णांना ते इतकं लागलं की त्यांनी भाजीवाली बदलली आणि नव्या गंगाक्काला सांगितलं, "बायकोला पायजे. डॉक्टरनं पाला खा म्हणून सांगितलंय."

अण्णांचं लग्न झालेलं नाही.

पण ही बायको दर रविवारी थोडी थोडी वाढत गेली. गंगाक्का अक्कलकोटकडची, चौकशीत पक्की.

"काय म्हंते वहिनी?"

"शेवगा खाल्ला. मेथीला तोंड लावलं न्हाय."

"लई नखरे बगा! गुडघे कसे हायत?"

"लई हळू चालते. उनात बसली की जरा बरं."

मी शेजारी उभा राहून घामाघूम व्हायचो. मला खोटं सहन होत नाही. हा गुण आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

एका रविवारी अण्णांना ताप आला, म्हणून मी एकटा गेलो. गंगाक्का म्हणाली, "वहिनीला एकदा घिऊन या म्हणावं. आमी बगावं तरी." आणि मी बोलून गेलो. "अहो, कुठली वहिनी? ते कासवासाठी नेतात."

भाजीवाल्यांची सगळी रांग हसायला लागली. कोणीतरी ओरडलं, "म्हंजे वर्षभर आपण कासवाचे गुडघे इचारत हुतो व्हय!" एकटी गंगाक्का हसली नाही. तिने माझी मेथी पिशवीत टाकली.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. ते मॅनेजरला जास्वंद भरवत होते. "बरं केलंत," म्हणाले. मग आणखी एक पान त्याच्यापुढे धरत बोलले. "करडीच्या तेलानं गुडघे चोळा म्हणाली हुती. चोळले का, म्हणून दर रविवारी इचारायची. घरात कसं हाय, असं मला पैल्यांदाच कुणी इचारत हुतं की."

पुढचे दोन रविवार अण्णा गेले नाहीत. मी आणलेली भाजी ते न बघता घ्यायचे. किडकं पान दिसलं तरी गप्प. मला सेकंड म्हणा, काहीही म्हणा, पण काहीतरी बोला, असं मला ओरडावंसं वाटे. तिसऱ्या रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं.

"आता तोंड कसं दाखवू हो तिला?"

"मी पुढे उभा राहतो. आधी मलाच शिव्या बसू देत."

गंगाक्काने मला हाताने बाजूला केलं. "दोन आटवडे कुटं हुता अण्णा?" ओल्या पोत्याखालून तिने मेथीची जुडी काढली. "ही कासवाची. बगा, एक भोक न्हाय."

अण्णांची मान खाली. "खोटं बोललो अक्का."

"ते कळलं. आता खरं सांगा. जनावराला येवढं निवडून घालता, तुमी काय खाता?"

अण्णांनी मेथीचं एक पान उलटसुलट करून पाहिलं. "चा," ते म्हणाले. "आन् पाव."

"शिव शिव!" म्हणत गंगाक्काने शेपूची एक जुडी त्यांच्यापुढे आपटली. "ही तुमाला."

"मला करता येत न्हाय."

"मग बसा हितं. सांगते."

अण्णा तिच्या पोत्यावर बसले. "लसूण आदी का शेपू आदी?" ते विचारत होते, आणि गंगाक्का दोन गिऱ्हाइकं थांबवून सांगत होती. मी मॅनेजरची मेथी उचलली आणि एकटाच घरी आलो.