अप्पांच्या ओल्या-सुक्या बातम्या

अप्पा निगुडकर दुसऱ्यांच्या कचऱ्यात बघतात. चोरून नाही हं, राजरोस. वाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, चांगलं निरखून बघतात आणि मग गल्लीला बातम्या सांगतात.

आमच्या राजेंद्र नगरात सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, आणि सगळी गल्ली दोन-दोन बादल्या घेऊन फाटकाशी उभी राहते. एका हातात ओला, एका हातात सुका. इंदूरचा माणूस एक वेळ देवाला फूल वाहायला विसरेल, पण केळ्याचं साल सुक्या कचऱ्यात टाकणार नाही. स्वच्छतेत नंबर वन ना आम्ही! पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतो आणि लगेच बादल्या दाखवतो. माझ्या व्याह्यांनी एकदा चुकून चहाचा गाळ सुक्यात टाकला, तर आमचे हे दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

अप्पांचं घर गल्लीच्या तोंडाशी, आमचं त्यांना लागूनच. स्वतःची बादली रिकामी झाली की माणसानं घरात जावं ना? छे! अप्पा गाडीच्या मागे मागे पार शेवटच्या घरापर्यंत जातात. ड्रायव्हर बिचारा हात जोडतो, "काकाजी, आप ही चला लो गाड़ी." अप्पांना त्याचं काही नाही.

सगळा जन्म त्यांनी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काढला. लोकांची रक्तं, थुंकी आणि चारचौघांत बोलू नये असं बरंच काही तपासण्यात. रिटायर झाले, मायक्रोस्कोप सुटला, सवय सुटली नाही. म्हणतात, "माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो वहिनी, बायकोशी तर बोलतोच बोलतो. सँपल खोटं बोलत नाही."

उन्हाळ्यात तर त्यांच्या बातम्यांना ऊत येतो. कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण तिथे नुसते गुड मॉर्निंगचे गुलाब आणि पाण्याच्या टँकरवरून भांडणं. खरी खबर अप्पांकडे. "जोशींची सून माहेराहून आली. कढीपत्ता सगळा निवडून फेकलाय, तिला चालत नाही तो." "शर्माजींकडे मुलगी बघायला लोक येऊन गेले. मिठाईचे डबे मोठ्या दुकानाचे, मतलब मुलगा चांगल्या पगाराचा." "कुलकर्णींनी यंदा कैऱ्या कमी घेतल्या. लोणच्याची बरणी धाकट्या भावाकडे जाणार नाही बघा. ते भांडण काही मिटलेलं नाही."

आणि खरंच मिटलेलं नसायचं हो!

माझीही गय केली नाही त्यांनी. मी गल्लीत सांगितलं होतं की मी साखर सोडली. चौथ्या दिवशी अप्पांनी माझ्या बादलीतून एक कागद चिमटीत धरून उचलला, उन्हात धरला आणि म्हणाले, "वहिनी, जिलबी. पाक सुकला की कागद असाच कडक होतो." आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मेला तो कागद आणि मेली ती जिलबी!

पण अप्पांवर खरा दात कोणाचा असेल तर तो घाटपांड्यांचा. घाटपांडे आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी. दर उन्हाळ्यात मुलांचा समर कॅम्प घेतात आणि त्यात 'झिरो वेस्ट' म्हणजे कचराच न करण्यावर तासभर भाषण देतात. मुलं जांभया देतात, आया फोटो काढतात. गेल्या वर्षी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्माकोलच्या प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या. अप्पांनी गठ्ठ्याला बोटानं टिचकी मारली. "सेक्रेटरीसाब, पेपर फार कुरकुरीत येऊन राहिला आजकाल." गल्ली हसली. तेव्हापासून घाटपांडे टपून बसलेले.

शेजारी राहून राहून मीही थोडी विद्या शिकले. अप्पा शिकवतातही प्रेमानं. "ही कोय बघा वहिनी. पांढरीफटक, रेषा मोकळ्या झालेल्या. घरात पोर आहे. आणि ही? गर तसाच चिकटलेला. मोठ्यांचं घर, सुरीनं कापून खाणारी माणसं. कलिंगडाचंही तेच. सालीवर दात उमटलेले दिसले की समजायचं, सुट्टीची गँग आली."

गल्लीच्या घराघरांत सुट्टीची गँग येत होती. अप्पांची मात्र यायची होती. निगुडकरकाकू गेल्यापासून ते एकटेच. मुलगा बंगळुरूला, त्याला दोन पोरं. दरसाल मे महिन्यात यायची. यंदा होळीपासूनच अप्पांनी ती बातमी लावून धरली होती. कूलरला नवी खस, म्हणजे वाळ्याची जाळी बसवली. अंगणात डुंबायला मोठा टब आणला. दोन पेट्या बदाम आंबा आणला. कोणी टँकरचं विचारलं तरी उत्तर एकच, "नवतपा लागायच्या आत येणार मुलं!"

नवतपा लागला. म्हणजे आमच्याकडचे ते जीवघेणे नऊ दिवस, ज्यात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. आणि एका सकाळी अप्पांची ओली बादली काठोकाठ भरलेली! आंब्याच्या साली, कोयी, कलिंगडाचे तुकडे. एरवी त्यात चहाचा गाळ आणि दोन भेंड्यांची देठं असायची.

"आली वाटतं मंडळी?" जोशीकाकू ओरडल्या.

अप्पा म्हणाले, "सँपल बघा ना!"

सगळ्यांनी लांबून बघितलं आणि माना डोलावल्या. मी शेजारी उभी होते, मी जवळून बघितलं. एकाही कोयीला दात लागलेला नव्हता. पिवळाधमक गर जसाच्या तसा. कलिंगडाच्या सालींवर सुरीच्या सरळ रेघा. अप्पांच्या दारात ना एक चप्पल जास्तीची होती, ना दोरीवर एक चड्डी वाळत होती. हा माणूस एकटा बसून आंबे कापत होता आणि बादलीत टाकत होता.

तेवढ्यात घाटपांडे वहीपेन घेऊन हजर. "अप्पा, आज संध्याकाळी कॅम्पचा समारोप. आजोबा-नातवंडांची लिंबूचमचा शर्यत आहे. लिहू ना मुलांची नावं?" आणि बोलता बोलता त्यांची मान अप्पांच्या बादलीकडे वळली. अप्पांच्या संगतीत सगळ्या गल्लीलाच आता कचरा वाचता येत होता, हीच तर पंचाईत! घाटपांड्यांनी एक कोय नीट बघितली असती तर संध्याकाळी स्टेजवर माइक लावून सांगितलं असतं.

अप्पा बादलीची कडी घट्ट धरून उभे.

मी पुढे झाले आणि अप्पांची बादली ओढून घेतली, गाडीत उपडी केली, त्यावर धाडकन माझी उपडी केली. माझ्या लेकीची दोन पोरं भोपाळहून आलेली, त्यामुळे वर आमच्या पांढऱ्याफटक कोयी. "घाटपांडेसाहेब," मी म्हटलं, "एवढ्या उन्हात कसली शर्यत? पोरांना लू लागली तर तुम्ही येणार का उशाशी बसायला? आणि आज तुमच्या सुक्या बादलीवर एवढं फडकं कशाला झाकलंय हो?"

मला खालचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं! घाटपांडे बादली घेऊन जे मागे सरले, ते नावं लिहायचं विसरूनच गेले.

दुपारी मी आमच्या दोघा राक्षसांना, तनू आणि ओमला, पुढे घातलं आणि अप्पांचं दार वाजवलं. "अप्पा, आमच्या कूलरची मोटर जळली. पोरं भाजून निघताहेत. ऊन उतरेपर्यंत बसू देता का तुमच्याकडे?"

अप्पांनी दार पूर्ण उघडलं. आत खसेचा थंडगार वास होता. टेबलावर प्लास्टिकचे दोन नवे ग्लास, एक लाल, एक निळा, धुऊन पालथे घातलेले. ओमनं अंगणातला टब बघितला आणि कपड्यांसकट आत उडी मारली. तनूनं विचारलं, "आजोबा, ही आंब्याची पेटी कोणाची?"

"तुमचीच रे," अप्पा म्हणाले.

मी घरी आले, आमचा कूलर फुल केला आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या बादलीत कोयी कशा होत्या म्हणून सांगू! घासून ठेवलेल्या भांड्यांसारख्या. कलिंगडाच्या सालींवर दातांची नक्षी. अप्पांनी ती बादली गाडीत रिकामी करायला इतका वेळ लावला की ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, आरती उतारूं क्या इसकी?" घाटपांडे येऊन वाकून बघून गेले.

त्या दिवशी अप्पा गाडीमागे गेले नाहीत. माझ्या फाटकाशी आले आणि खाली बघत म्हणाले, "वहिनी, तुमची-आमची भिंत एकच आहे. काल दुपारभर तुमचा कूलर चालू होता."

पकडली गेले ना! पण मीही त्यांचीच शिष्या. म्हटलं, "अप्पा, काल सकाळच्या कोयींना गर होता."

अप्पांनी चष्मा काढला. सदऱ्याला पुसला.

"मुलांचा तिकडे कोडिंगचा कॅम्प आहे म्हणे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणाला मुलगा. फोन आला तेव्हा पेट्या आणून झाल्या होत्या. मला शुगर, मी किती खाणार? आणि रोजची ती चहापत्तीची बादली घेऊन सगळ्यांसमोर उभं राहायची लाज वाटली वहिनी. लोकांना मीच शिकवलं ना बघायला."

गाडी गाणं वाजवत पुढच्या गल्लीत वळली. आतून ओम ओरडत होता, आजोबांकडे कधी जायचं म्हणून.

अप्पांनी चष्मा लावला आणि हळूच म्हणाले, "ती मोटर... एवढ्यात दुरुस्त नका करू."

"कुठली हो अप्पा," मी म्हटलं, "नवतपात मेकॅनिक मिळतोय कुठे!"