सी ड्राइव्हची पातळी

भातसानगरच्या कॉलनीत आमच्या शेजारी राहणारे रोकडेकाका सकाळी दात घासायच्या आधी कॉम्प्युटर लावायचे आणि त्याची पातळी घ्यायचे. पातळी हा त्यांचाच शब्द. सगळी नोकरी धरणावर पाण्याच्या नोंदी घेण्यात गेलेली, त्यामुळे हार्ड डिस्कवर किती जागा उरली हेही ते त्याच डोळ्याने बघत. एके सकाळी त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली.

"मास्तर, रात्रीत साठा घटला. आमी तर काय टाकलं नाय. मंग जागा गेली कुठं?"

दूधवाला, मीटर बघायला येणारा, कॉलनीतलं मांजर, काकांच्या नजरेतून कोणी सुटत नसे. या वेळी पहिला संशय काकूंवर गेला. "मी रात्री उठून खाल्ली असंल," काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या. मग माझी पाळी आली, कारण मी एकदा रजेचा अर्ज टाइप करायला त्यांच्याकडे बसलो होतो.

"अर्ज केवढा होता तुमचा?"

"एक पान, काका."

"पान एकच, पण तुमी मास्तर माणूस. भरून लिवता," असं म्हणून ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

जागेसाठी एवढा जीव टाकायला कारण होतं. त्यांची मुलगी वैशाली नागपूरला दिलेली. दिवाळीला ती पोराला घेऊन येणार होती आणि त्याचे जन्मापासूनचे फोटो, व्हिडिओ या कॉम्प्युटरवर भरून देणार होती. जावयाने आपला जुना कॉम्प्युटर दिला होता तोच मुळी त्यासाठी. नातवाला काकांनी फक्त बारशाला पाहिलं होतं. "आवक मोठी हाय. आदी धरण खाली करायला लागंल," ते म्हणायचे.

खाली करायला गेले तर आत भलतीच वस्ती निघाली. सिस्टिमच्या फायली, एकीचंही नाव धड वाचता येईना. "यांना बोलावलं कोणी?" एका फोल्डरने तर त्यांना दारातच अडवलं, परवानगी नाही म्हणून. काकांचा पारा चढला. "घर माझं, खोली माझी, अन् मलाच आत सोडत नाय. म्हंजे आत कायतरी हाय."

मी समजावलं की कॉम्प्युटर या फायलींवरच चालतो, आणि अडीअडचणीला लागतील म्हणून तो स्वतःच्या जुन्या प्रती साठवतो, त्यात जागा जाते. हात लावू नका.

"तुमाला बरं सगळं ठावं," काका म्हणाले आणि संशय पुन्हा माझ्याकडे वळला.

लपवलेल्या फायलीही बघता येतात, हा शोध त्यांना कसा लागला देव जाणे. पण लागला, आणि त्या दुपारी त्यांनी एकेकीला पकडून बाहेर काढलं. "चांगला माणूस लपंल कशाला?" एवढीच त्यांची चौकशी. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तर पडदा काळाच राहिला.

दिवाळी तोंडावर आलेली. मी गेलो तेव्हा काका खुर्चीत अंग चोरून बसले होते. "मास्तर, पोरगी आता फोटो कुठं टाकंल?" एवढंच बोलले. मला त्यांची फार दया आली.

शहापूरहून दुरुस्तीवाल्याला आणलं. त्याने सगळं पुसून सिस्टिम नव्याने टाकली. काका त्याच्या हातांवर नजर ठेवून मागे उभे होते. शेवटी बघतो तर डिस्क जवळजवळ पूर्ण मोकळी. काकांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं, दुरुस्तीवाल्यासाठीसुद्धा.

तो गेल्यावर मी कप खाली ठेवत होतो, तेवढ्यात वैशालीचा फोन आला. जावयाची रजा मंजूर झाली नव्हती. याही दिवाळीला येणं जमणार नव्हतं.

आता उलटतपासणी सुरू होणार म्हणून मी वाट बघत होतो. दुधात पाणी किती, हे दूधवाल्याला रोज विचारणाऱ्या माणसाने मुलीला एकही प्रश्न केला नाही. "बरं, बरं. नाय जमत कवा कवा. पोराला जप," म्हणाले आणि फोन ठेवला. काकू कप उचलून आत गेल्या.

काका पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोरांचे फोटो असतील ना? आणून टाका इथं. एवढी जागा रिकामी बघवत नाय मला."

मी मान हलवून दारापर्यंत गेलो, तर मागून आवाज आला.

"किती हायेत ते मात्र आदी सांगा."