रंगरावांचे गिटारीची मान तासली त्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून, आणि सोसायटीची लिफ्ट आज चालू आहे हे शुभचिन्ह मानून, सेवके ही हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे तेहेतीस, खरनाम संवत्सरे, आश्विनमास. मुलखात संगणकाचा अंमल बसला होता आणि हिंजवडीकडे रोज सकाळी मोटारींचे लष्कर कूच करीत होते. येरवड्यात राजमान्य राजेश्री रंगराव, वर्धा प्रांतीचे, कारखान्यातील फोरमन, सुखे नांदत असता गिटारीचे प्रकरण उपस्थित जाहले. आज्ञा ऐसी की खरे तेच लिहावे. सबब आमचे धन्यांचे जेथे चुकले तेथे हळू आवाजात लिहिले आहे.

गिटार म्हणजे खाशांची, अर्थात रंगरावांची, विजेची गिटार. पुण्यास चाकरीस आले त्या साली हौसेने घेतली. घाट जुना, मान धडास चार स्क्रूंनी जखडलेली, आणि त्या सांध्यामागे चौकोनी लाकडाचा जाड बुरूज. कारखान्याचे गॅदरिंगात ती वाजली तेव्हा पाळीचा भोंगाही कोणास ऐकू आला नाही, ऐसे खासे स्वमुखे सांगत. परंतु मशीनीवर खपून खपून डावे अंगठ्याने दगा दिला. मानेवरील सतराव्या फ्रेटपुढे, म्हणजे सतराव्या पडद्यापुढे, बोटे नेऊ जाता हात त्या बुरुजावर अडे आणि कळ खांद्यापावेतो जाई. मग खाशांनी वरचे सूर गाण्यातूनच गाळले, आणि कोणी पुसिले तर म्हणावे की वर जाऊन किंचाळणे हे हलक्या लोकांचे काम. अंगठ्याची बातमी घरात फुटू दिली नाही. मनात मात्र धास्ती बसली की आज वरचे सूर गेले, उद्या गिटारच जाईल.

कन्या उत्कर्षाबाई हिंजवडीस सॉफ्टवेअर तपासण्याचे कामावर. दुसऱ्याच्या चुका काढून वर पगार घेत. त्यांनी मसलत मांडली की हल्लीचे गिटारींचा तो चौकोन तासून गोल करितात म्हणून हात वर सरकतो, आणि खुंट्यांस कुलूप असते म्हणून तारा उतरत नाहीत. आपलीही तैशीच करावी. शनिवार पेठेतील बद्रीनाथ कारागिरास बुधवारचा वायदाही दिला आहे. हे ऐकताच खासे खवळले आणि हुकूम सुटला की मूळ घाटास कानस लागणार नाही. कुलपे लावण्यास ही काय तिजोरी आहे? मग खाशांचे कुटुंब दुर्गाबाई यांनी दोहों फौजांमध्ये पोह्यांच्या बशा आणून ठेविल्या आणि पोहे संपेतो युद्ध थांबले.

बुधवारी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारे-अवजारे पूजेस मांडितात आणि मांडलेले हत्यार दसऱ्यापावेतो कोणी उठवीत नाही. खाशांनी हाच डाव साधिला. पहाटे उठोन पाना, पक्कड आणि पेचकस यांचे मधोमध गिटार मांडिली, हळद-पिंजर वाहिली, झेंडूचा हार घातला, आणि भक्तीचे भरात दुधापाण्याचे शिंपण केले. उत्कर्षाबाई मोहिमेस निघाल्या तो गिटार देवाचे पदरी! बाईंनी मुकाट्याने नमस्कार केला आणि कचेरीस गेल्या. खासे दिवसभर गालांत हसत होते.

दसऱ्याचे सकाळी खाशांनी विजयाची गत वाजवावी म्हणोन गिटार जोडिली, तो आतून खरखर उठली, मग एक आचका, आणि मग कुल शांतता. बटणे पिळली, वायर हलविली, देवाकडे रागाने पाहिले, काही चालेना. आपलेच तोफखान्यात आपणच पाणी ओतिले हे खासे उमजले, आणि त्या दिवशी श्रीखंडही त्यांस गोड लागले नाही.

शुक्रवारी बापलेक शनिवार पेठेत दाखल जाहले. बद्रीनाथाने मागील झाकण काढिले. आत पिंजर, वाळले दूध आणि झेंडूची एक पाकळी.

"काका, वाद्य आणलंय का नैवेद्य?"

खाशांनी ती पाकळी उचलोन खिशात घातली.

"साफ करतो. पण दूध सांध्यातही गेलंय, मान उतरवावी लागेल. तासायची असेल तर आत्ताच सांगा, एक वाजता मी जेवायला जातो."

तेव्हा एकास पाच मिनिटे कमी होती. उत्कर्षाबाई हळूच बोलल्या, "बाबा, दोन वर्षं तुम्ही वरचे सूर गाळताय. मला ऐकू येतं हो. अंगठा दुखतो ना?"

इतके दिवस राखिलेला किल्ला असा एका वाक्यात पडला. खाशांनी 'उगाच हात लावू नये' ही भिंतीवरील पाटी दोन वेळा वाचिली, आणि मग वर्ध्याचे बोलीत म्हणाले, "तास बापा."

रविवारी सकाळी गिटार घरी आली. मागे लाकूड गोल, हातास गुळगुळीत. वर कुलपाच्या खुंट्या. खाशांनी बारावा फ्रेट घेतला, पंधरावा घेतला, सतराव्यावर क्षणभर थबकले, आणि मग हात पुढे सरकला तो एकविसाव्यावर जाऊन सूर लागला. तिथीने तीन दिवस उशिरा, पण सीमोल्लंघन जाहले. खाशांचे डोळ्यांस पाणी आले. तो सूर त्यांनी सात वेळा वाजविला, आठव्यास दुर्गाबाईंचा आवाज कमी करण्याचा हुकूम आला.

पुढे खाशांनी सोसायटीत जाहीर केले की मान तासण्याची मसलत अव्वलपासून आपलीच. खातरजमेकरिता सेवकाने उत्कर्षाबाईंस पुसिले की दप्तरी फत्ते कोणाचे नावे लिहावी. बाई बापाचे हाताकडे पाहत म्हणाल्या, "बाबांच्याच." तैसे लिहिले असे.